बुध वक्री नव्हता

नाही नाही, ते झाकण नका उघडू — ठेवा. तसंच ठेवा, हां. रागावले नाही हो मी, आवाजच असा आहे माझा, एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागून बोलून बोलून असा झालाय — ‘पुढचा!’, ‘पत्ता नीट लिहा!’ — बसा ना. टेरी म्हणालात ना, वाचनालयातल्या नव्या बाई? बसा टेरी. आमचं चंद्राचं मंडळ सहाला आहे, आज पौर्णिमा, चंद्र वर आल्यावर. तुम्ही चारलाच आलात, पण बिघडलं नाही, कॉफी तयार आहे. ते पातेलं मी टोमॅटोच्या बरण्या उकळायला वापरायचे, निळं एनॅमल, टवके उडालेत बघा. आता त्यात इच्छा असतात. हसा, हसा. लव्हॉनच्या पातेल्यात इच्छा शिजतात म्हणून अख्खं गाव हसतं, आणि तेच गाव अमावस्येला माझ्या मागच्या पोर्चमध्ये खुर्च्या ओढून बसतं.

सोपं आहे तसं. अमावस्येला मागायचं, पौर्णिमेला सोडायचं. मागायचं म्हणजे चिठ्ठी लिहायची — आणि ‘मिळू दे’, ‘होऊ दे’ असं रडगाणं नाही. झालं, मिळालं, मी आभारी आहे, असं लिहायचं. पोरी त्याला मॅनिफेस्ट करणं म्हणतात. नाव घालायचं नाही. चार घड्या करून पातेल्यात. मग चंद्र वाढेल तसे पंधरा दिवस पातेलं माझ्या फ्रिजवर, आणि पौर्णिमेला अंगणातल्या शेकोटीत चिठ्ठ्या जाळायच्या. न वाचता. हा सगळ्यात मोठा नियम. वाचलेली इच्छा विरते, असं मी सगळ्यांना बजावते. मीच बजावते — साखर घेता? नाही? मार्लिस तीन चमचे घेते. ती शेजारची, ते पिवळं घर दिसतंय ना खिडकीतून, ते तिचं. चाळीस वर्षं आमची अंगणं एक आहेत, कुंपण घालायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझा नवरा, रॉय, गेला तेव्हा सहा आठवडे माझ्या सोफ्यावर झोपली ती, तिच्या पाठीचं दुखणं तिथलंच. आणि मी हे चंद्राचं सुरू केलं, ग्रहांची पुस्तकं आणली, कुंडल्या मांडायला लागले, तेव्हा पहिल्या अमावस्येला कोण आलं? मार्लिस. चर्चच्या गायनातली बाई ती, तिला काय करायचेत ग्रह? माझ्यासाठी आली. आम्ही दोघी आणि तिचा म्हातारा कुत्रा. चिठ्ठी लिहिली, घड्या घातल्या, आणि म्हणाली, ‘लव्हॉन, चंद्राला स्पेलिंग कळत असेल ना गं?’

आता नऊजणी येतो आम्ही. का सांगू? कारण माझा चंद्र देतो. असं म्हणतात. डार्लाला कोणी वाढदिवसाला विचारत नव्हतं, तिनं चिठ्ठी टाकली आणि यंदा तिच्या दारात केक, वर मेणबत्त्या — ती रडत रडत माझ्याकडे धावत आली. जोडी म्हणून आमच्यातली एक, तिच्या गोधड्या कोणी बघत नव्हतं, त्या वाचनालयाच्या भिंतीवर लागल्या. तुम्ही आता तिथेच कामाला लागलात ना, पाहिल्या असतील. निळी तार्‍यांची, तीच. कसं झालं हे? — असं बघू नका हो. तुम्ही झाकणाला हात लावलात तर मी केवढ्यानं ओरडले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

केक मी केला होता. घ्या, झालं सांगून. आजवर कोणाला बोलले नाही आणि तुम्हाला भेटून दहा मिनिटं नाही झाली — परक्या माणसापुढे जीभ सैल सुटते, खिडकीवर बघायचे ना मी, स्टँप घ्यायला आलेली माणसं सगळा संसार सांगून जायची. तर ते असं झालं — फेब्रुवारीत छपरावरचा बर्फ वितळून छत गळलं, नेमकं फ्रिजवर, झाकण सरकलेलं, चिठ्ठ्या भिजल्या. ओल्या चिठ्ठ्या जळणार कशा? म्हणून उलगडून केकच्या ट्रेवर वाळत घातल्या. वाचायच्या नव्हत्याच. पण एकतीस वर्षं टपाल लावलंय हो मी, या गावातला प्रत्येक हात मला ओळखू येतो — डार्लाचा ‘जी’ शेपटी तुटल्यासारखा, जोडी ‘टी’ला आडवी रेघ द्यायची विसरते. नाव नाही घातलं म्हणून काय झालं! मला तर ती माणसंच ट्रेवर झोपलेली दिसली. आणि त्या एकतीस वर्षांत, टेरी, शपथेवर सांगते, एक पाकीट उजेडाकडे धरलं नाही मी. रॉय चेष्टा करायचा, सांग ना, कोणाचं कोणाशी चाललंय — मी बोलायची नाही. निवृत्तीला त्यांनी मला पितळी पाटी दिली, ‘विश्वासू सेवा’ लिहिलेली. त्या भिंतीवर होती. तो खिळा दिसतोय ना? तिथे. मेमध्ये काढून ठेवली. कुंपणानंच शेत खाल्लं, पाटी कसली लावायची?

पहिल्यांदा भिजल्या म्हणून वाचल्या. पुढच्या महिन्यात? पुढच्या महिन्यात छत दुरुस्त झालं होतं. तरी वाचल्या. चांगल्यासाठी वाचते असं मनाला सांगितलं — आणि चांगलं झालंही ना, डार्ला हसली, जोडी ताठ चालायला लागली. मला वाटायला लागलं, चंद्राला हात नाहीत, माझे आहेत, मग दिले त्याला उसने. काय चुकलं? तुम्ही म्हणाल काहीच नाही. मीही तेच म्हणत होते. आणि मी मानते हो हे सगळं! ढोंगी नाही मी. मी कर्केची, चंद्र माझाच स्वामी, त्याच्या कलेबरोबर माझी झोप बदलते. मानते म्हणून तर जास्त लाज वाटते, न मानणारीनं केलं असतं तर नुसती थापच झाली असती.

मेमध्ये एक चिठ्ठी निघाली. गोल गोल अक्षर, शाळेतल्या मुलीसारखं. ‘घर विकलं. मी टूसॉनला क्रिस्टाजवळ राहते. लव्हॉनला सांगणं जमलं. मी आभारी आहे.’ — क्रिस्टा म्हणजे मार्लिसची मुलगी, तिकडे दूर वाळवंटातल्या शहरात असते. दिवस गेलेले तिला, पहिलं बाळ, आणि नवरा नौदलात, सहा सहा महिने जहाजावर. मला यातलं घर विकायचं काही, काही माहीत नव्हतं. त्याच दुपारी मार्लिस या खुर्चीत, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसून कॉफी पिऊन गेली होती, आणि कशावर बोललो आम्ही तर टोमॅटोच्या रोपांवर. डार्लाची इच्छा पुरी केली, जोडीची केली — ही कशी करायची? ही पुरी करायची म्हणजे मी... चिठ्ठी घडी करून परत टाकली. पौर्णिमेला सगळ्यांत आधी तीच विस्तवात टाकली मी.

आणि पुढच्याच आठवड्यात ती आली. गाल लाल, हातात कागद. शहरातलं एक जोडपं घर घ्यायला तयार आहे म्हणाली, शुक्रवारपर्यंत सही हवी. आणि विचारते काय — ‘लव्हॉन, तुझे ग्रह काय म्हणतात, सही करू का?’ अहो, ताकाला जाऊन भांडं लपवत होती ती! तिला ग्रहांचं काय पडलंय? मला सांगायला आली होती, बिचारीला दुसरा रस्ता सापडला नाही. मी नुसतं म्हणायचं होतं, जा गं, सुखानं जा. एवढंच. मी चष्मा लावला. पुस्तक काढलं, पानं उलटली — आणि बुध सरळ चालला होता, टेरी. हायवेसारखा सरळ. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘बुध वक्री आहे. तीन आठवडे कशावरही सही करू नकोस.’ चंद्राच्या मंडळात लहान पोरगीसुद्धा जाणते, बुध वक्री असला की सही करत नाहीत. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘बरं.’ कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. कप विसळून गेली. जाताना कप विसळून गेली ती.

जोडपं थांबलं नाही. का थांबेल? तळ्याकाठी दुसरं घर घेतलं त्यांनी. सही झाली असती तर जुलैत मार्लिस टूसॉनला पोचली असती. मग तिनं बाळंतपणासाठी ऑगस्टच्या शेवटचं तिकीट काढलं होतं, बाळ तीन आठवडे आधीच आलं. क्रिस्टा एकटी होती, एकोणीस तास अडली, नर्सचा हात धरून. पहिलं बाळंतपण, आणि आई इथे — माझ्या या ओट्याशी उभी राहून फोनच्या काचेवर नात बघत होती. काचेवरून बोट फिरवत होती. मला म्हणाली, ‘नाक बघ, माझ्या आईचं.’ मी बघितलं. गोड आहे म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, आणि तरी रात्री — खोटं कशाला बोलू — रात्री मनात आलं, चला, हिवाळाभर तर आहे इथे.

सांगायला हवं होतं ना? रोज म्हणायचे, उद्या. एका मंडळात ती मुद्दाम जोडीशेजारी बसली, जोडीच्या फोनवर ग्रहांचं सगळं निघतं, मागचं-पुढचं — आणि तिथून मला विचारते, ‘काय गं लव्हॉन, मेमध्ये बुध किती दिवस वक्री होता?’ चेहरा अगदी साधा. मी म्हणाले, वीसेक. ‘वीसेक,’ म्हणाली. आणि तिचे ते केकसारखे गोड बार कापून सगळ्यांना वाटायला लागली. मी समजले, सहज विचारलं असेल. समजायचं नसलं की माणूस काहीही समजतं.

त्यानंतर तिच्या चिठ्ठ्या कोर्‍या निघायला लागल्या. ऑगस्ट, सप्टेंबर — कोर्‍या, चार घड्या घातलेल्या. आणि आता या खेपेला, पंधरा दिवसांपूर्वी, तिनं पुन्हा लिहिलं. आहे त्यात, तुमच्या हाताखाली. ‘लव्हॉनला सोबत मिळाली. मी आभारी आहे.’ किती वेळा वाचली असेल मी! मला वाटलं ती थांबतेय. सोबत म्हणजे तीच, दुसरी कोण? टूसॉनचा नाद सोडला तिनं, असं वाटलं मला, आणि मी — लाज नाही — मी गाणं म्हणत भांडी घासली त्या दिवशी. शोधून सापडायची नाही अशी नालायक बाई आहे मी, पण निदान ती राहतेय तर तिला सगळं सांगून पाय धरेन, म्हटलं, आज शेकोटीनंतर. ठरवलं होतं. खरंच —

घे ना अजून कॉफी. अगं, अहो-जाहो कधी सुटलं कळलंच नाही, चालेल ना? बघ, तुझ्याबद्दल काही विचारलंच नाही मी. गावात नवी, नवरा गेला, एवढंच ऐकलंय. मंडळाचं कुठे कळलं तुला, जोडीकडून? — कोण? — वाचनालयात आली होती? कधी? — आणि सहा नाही, चारलाच जा म्हणाली? — असं. आणखी काय म्हणाली? — हो, कॉफी चांगली करते मी, ते खरंय. थांब. त्या पिशवीत काय आहे? केव्हाची मांडीवर धरून बसलीयेस. बघू.

क्रिबेजचा पट.

हा मार्लिसचा आहे. हिवाळ्यात आम्ही दोघी पत्ते खेळतो ना, त्यात यावर खुंट्या सरकवून गुण मोजायचे. ही खुंटी मोडलेली, हिच्या जागी काडेपेटीची काडी लावलीय, ती रॉयनं लावली होती. हा तिनं दिला तुला? शिकवलंही? किती दिवस? — दोन आठवडे. अमावस्येपासून.

म्हणजे केक केला तिनं. कळतंय का तुला, टेरी? नाही कळणार. मी डार्लाला केला तसा. सोबत म्हणजे ती नव्हेच, सोबत म्हणजे तू. इच्छा लिहायची, आणि मग आपल्याच हातांनी... तिला माहीत आहे. चिठ्ठी मी वाचते हे माहीत आहे तिला, म्हणून तर तिथे लिहिलं, मी वाचावी म्हणून. कोर्‍या टाकल्या त्याही मीच उघडणार म्हणून. मेमधला बुध माहीत आहे. क्रिस्टा अडली तेव्हा, फोनवर नात दाखवत होती तेव्हासुद्धा माहीत होतं? आणि दर पौर्णिमेला बारची ताटली घेऊन येत राहिली, माझ्या शेजारी बसत राहिली, एक शब्द नाही. भांडली असती तरी चाललं असतं गं. केस धरून भांडायला हवं होतं. जायच्या आधी माझी सोय लावत बसली ही बाई.

तिकडे बघू नकोस — नाही, बघ. तूच बघ. उभी आहे ना खिडकीत? मला मघाशीच पडदा हललेला दिसला. तुला आत घेतलं की नाही ते बघायला उभी असणार. हात हलवतेय? तू हलव. हलव गं, वाट बघतेय ती. माझा नाही उचलत.

बरं. आता तू जा. वाईट वाटून घेऊ नकोस, तू चांगली आहेस, तुझं काही चुकलं नाही. पट असू दे इथे. उद्या ये, नाही तर कधीच येऊ नकोस, तुला माझ्याबद्दल काय वाटेल तसं कर. सहाला पोरी येतील, त्यांना पायरीवरच सांग, आज मंडळ नाही. लव्हॉन कुठे म्हणाल्या तर सांग, शेजारी गेलीय. आणि ते माझं ग्रहांचं पुस्तक दे इकडे, ते जाडं — मेचं पान तिच्यासमोर उघडायचंय मला. जा. दार नको ओढू, मलाही त्याच दारानं जायचंय.