मार्थाने न घेतलेली भाकर

माझा आजा नगरकडचा. मिशनच्या दवाखान्यात माळी म्हणून उरणकडे आला, आणि आमची ख्रिस्ती मंडळी सुरू झाली ती त्याच्या पडवीत, चार घरं मिळून, चटईवर. आम्ही प्रेस्बिटेरियन. आमच्यात बिशप नसतो, मंडळीने निवडलेली पाच माणसं कारभार बघतात, त्यांना वडील म्हणायचं. महिन्यातून एकदा प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा; त्या रविवारी भाकरीचं तबक घेऊन बाकाबाकापाशी तेच फिरतात. हे आधी सांगून ठेवतो, कारण माझं सगळं त्या तबकापाशीच मोडलं.

मी शिकलो नाय. जुन्या दारं-खिडक्यांचा धंदा केला, स्वतःच्या हिमतीवर. अलिबागला, किहीमला कुणी बंगला पाडायला काढला की मी पहिला हजर, सागवान ओळखावं तर मी आणि घासाघीस करावी तीही मीच. घासाघिशीत माझा एकच नियम, आधी समोरच्याने बोलायचं. आधी बोलला तो मेला. या नियमावर मी घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली.

बंदर आलं, भाताच्या शेतांत बिल्डिंगी उठल्या, मंडळी वाढली, तेव्हा नवं देऊळ बांधलं, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. त्याला मी किहीमच्या बंगल्याचं सागवानी दार दिलं, फुकट. काय दार होतं, काय सांगू तुम्हाला! आणि ते बसवलं त्याच रविवारी, भर अंगणात, शांतवन मास्तर म्हणतो कसा, देवाला भंगार देऊ नये. मास्तर म्हणजे कोण, तर मंडळीतला वडील, आणि माझ्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. लोक हसले. मी मास्तरची कॉलर धरली. देवळाच्या पायरीवर.

वडिलांची सभा बसली. ठरलं की मी मंडळीसमोर उभा राहून माफी मागत नाय तोवर मला प्रभुभोजन नाय. मी म्हटलं मागतो, पण आधी त्याने भंगार शब्द मागे घ्यावा. मास्तर म्हणाला आधी कॉलर, मग शब्द. तिथे अडलं ते नऊ वर्षं अडलं.

मी शेवटच्या बाकावर बसायचो, आणि मार्था, माझी बायको, माझ्या शेजारी. पहिल्याच वेळी मास्तर तबक घेऊन आला, मला वगळून तिच्यापुढे धरलं, आणि तिने मान हलवली, नको दादा. बाहेर आल्यावर मी ओरडलो, तुला कुणी बंदी केली गं? तर म्हणते, अहो, एका ताटात जेवणारी माणसं आपण, इथे वेगळं कशाला. बस, मग दर महिन्याला तेच. भावाने तबक धरायचं, बहिणीने मान हलवायची. आणि मला, खरं बोलतो, बरं वाटायचं. वाटायचं, बहिणीसाठी तरी हा खाली उतरेल.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरने घरी न्यायला सांगितलं. आमची उपासना चालवणारे पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले. मार्था म्हणाली, दादाला बोलवा, तिघं मिळून घेऊ. मी म्हटलं दार उघडं आहे, यायचं तर येईल. पाळकसाहेब स्कूटरवरून मास्तरकडे गेले. मास्तर म्हणाला, त्याने नुसतं ये म्हणावं, मी धावत येतो. एक शब्द हो, एकच. माझ्या तोंडातून निघाला नाय. दोन दिवस ते बिचारे पाळक दलालासारखे खेपा घालत होते. मार्था नुसती विचारायची, आला का हो दादा? तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तर ती गेलेली. उशाशी भाकर तशीच, रुमालात.

मास्तर आला तो थेट मातीला.

पुढच्या प्रभुभोजनाला मी कुणी न सांगता उठलो, माफी मागितली. मास्तर हुंदके देत म्हणाला, शब्द माझाच वाईट होता. लोक रडले, म्हणाले, मिटलं. अहो, काय मिटलं? जिला हवं होतं ती कबरस्तानात.

आता अकरा घरं उरलीत, बाकीची पनवेलला, खारघरला गेली. मास्तर थकलाय, तरी तबक तोच आणतो. माझ्यापुढे थांबतो, म्हणतो, घ्या भावजी. मी मान हलवतो. तो तबक घेऊन वळतो. नऊ वर्षं तिने माझ्यासाठी भाकर सोडली, तेवढीच वर्षं मी तिच्यासाठी सोडणार. पाळकसाहेब म्हणतात, देवाकडे असा सौदा चालत नाय. नसेल चालत. मी बहात्तरचा, चार वर्षं झाली, पाच राहिली. पुरतील न पुरतील, त्याची मर्जी. तुमचं मात्र बरं होवो, घरचे सगळे एका ताटात जेवोत.