ज्याची किल्ली त्याच्याकडे

—राहू द्या हो साहेब, बूट काढू नका, या घरात बूट काढणारा माणूस मी अजून पाहिला नाही, ही पुढची बाजू सगळी माझ्या जनावरांच्या दवाखान्याचीच, परवा तर एक मेंढा थेट आमच्या झोपायच्या खोलीत जाऊन उभा राहिला आरशासमोर— या, या, इकडे, जिन्याखाली. डोकं सांभाळा. हे माझं कपाट. माझं म्हणजे माझं एकटीचं बरं का, यांचं वेगळं, मागे, कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, एक खोली— आमचे हे कवळ्या बनवतात ना, दातांच्या. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, हे दात पाठवतात. निम्मं गाव यांच्या दातांनी जेवतं म्हटलं तरी चालेल. आत्ताही एक कवळी पोचवायलाच गेलेत, येतीलच, तुम्ही येणार म्हणून सकाळी दोनदा बजावलं होतं मी, तर म्हणाले, अगं, माणूस तोंड उघडून बसलाय तिकडे, मी पाव खाऊ की नको विचारतोय. आता याला काय बोलणार?

थांबा हं, जरा तिकडे बघा. इश्श, तुम्हाला कशाला सांगतेय मी, तुम्ही तर बंदुका तपासायलाच आलात— सवय हो, किल्ली काढताना ज्याला त्याला 'तिकडे बघा' म्हणायची. हं. उघडलं. हलवून बघा, हलणार नाही, भिंतीत बोल्ट मारलेत. ही भुलीची बंदूक. लांबून सुई मारायची, उधळलेल्या बैलाला काय 'दंड पुढे कर' म्हणून सांगणार? आणि हे पिस्तूल. हे क्वचित. घोड्याचा पाय पार मोडला, काही म्हणजे काही करण्यासारखं राहिलं नाही, तर. त्याबद्दल नको बोलू या. काडतुसं त्या वरच्या डब्यात, त्याला वेगळं कुलूप. रिकामं आहे की नाही बघायचंय? बघा. नियमच आहे तुमचा, माझाही आहे.

आधी एकच कपाट होतं आमचं. नवरा-बायकोचं एक कपाट, त्यात काय चुकलं? खातं एक, टूथपेस्ट एक, सर्दी झाली तर तीही एकच. तुमच्या आधीचे साहेब आले होते, ते मिशीवाले, त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, बाई, यांचं लायसन दुनळी बंदुकीचं. तुमचं पिस्तुलाचं आणि त्या सुईच्या बंदुकीचं. यांनी कपाट उघडलं की पिस्तूल यांच्या हाती, ते यांच्या लायसनवर नाही. तुम्ही उघडलंत की दुनळी तुमच्या हाती, ती तुमच्या लायसनवर नाही. मी म्हटलं, मग उघडायचंच नाही का? तर म्हणे, दोन कपाटं, दोन किल्ल्या, आणि एकाची किल्ली कुठे ते दुसऱ्याला कळता कामा नये. यांना असं हसू फुटलं! म्हणाले, साहेब, लग्नाला इतकी वर्षं झाली, हिच्या तोंडात तीळ भिजला नाही कधी, आणि आता सरकारी हुकमाने भिजवणार?

आणि खरं होतं हो ते. मला कुठे काही लपवता येतंय! पहिल्यांदा किल्ली ठेवली माझ्या रबरी बुटात, आणि मीच विसरले. तबेल्यावरून फोन, घोडा पडलाय, ताबडतोब या— आणि मी सगळं घर पालथं घालतेय, उशा फेकतेय, डबे उपडे करतेय. आणि हे तिथे खुर्चीत बसून पेपर वाचतायत! मी म्हटलं, अहो, बघताय काय? तर पेपर खाली न करता म्हणतात, मला कायद्याने माहीत असायला नको, त्यामुळे मला माहीत नाही. पण मी तुझ्या जागी असतो तर आधी बूट घातले असते. बुटात पाय घातला तर— लिहू नका! साहेब, ते लिहू नका, जुनी गोष्ट आहे, त्या दिवसापासून मी जागा बदलली, ही बघा आता गळ्यातच घालते, आंघोळीलासुद्धा काढत नाही. हसलात ना? हसा. आमच्याकडे येऊन न हसलेल्या माणसाला एक तर दात नसतात, नाही तर कुत्रा चावलेला असतो.

चला, यांचं कपाट निदान बाहेरून तरी बघून घ्या, तोवर येतील. जपून, पायरी आहे. हे सगळं प्लास्टर, हात लावू नका, कपडे पांढरे होतील. बघा केवढे जबडे मांडलेत फळीवर— सगळ्यांची तोंडं उघडी आणि बोलत कुणीच नाही, म्हणून तर हे इथे येऊन बसतात, घरात मी बोलते ना. काम करताना गुणगुणतात. गळा काय, बेसूर, पण अखंड. दर रविवारी नेमबाजीच्या क्लबवर तबकड्या फोडायला जायचे, मातीच्या तबकड्या उडवतात ना हवेत, त्या. एकदा करंडक आणला, तो बघा, त्यात आता ब्रश ठेवतात. हे कपाट. माझ्यापेक्षा दणकट आहे, हौसेने घेतलेलं ना. आणि ही खुर्ची मेली इथे कशी— ही खिडकीपाशी असते, उजेडात, थांबा, सरकवते— नाही, काही नाही, मध्येच आहे वाटेत म्हणून. इथे कशाला बसेल कोणी, कपाटाकडे तोंड करून.

किल्ली? यांच्याकडेच. हो, अर्थात. ज्याची किल्ली त्याच्याकडे. सोबत नेतात ते, खिशात— कोटाच्या. काय बघताय? ही? ही दवाखान्याची. म्हणजे— हो, दोन आहेत साखळीत. एक कपाटाची, एक दवाखान्याची. दवाखान्याची जरा मोठी असते नाही का, बरोबर. तुम्ही रोज हेच बघता, तुम्हाला कळणारच. मी जनावरांची डॉक्टर साहेब, माझ्यासमोर कुणी खोटं बोलत नाही, त्यामुळे सराव नाही.

बसा. नाही, त्या खुर्चीत नको, या स्टुलावर बसा.

यांचं गुणगुणणं थांबलं होतं. कधी, ते मला सांगता येणार नाही, तेच तर वाईट वाटतं— घड्याळाची टिकटिक थांबली की लगेच कुठे कळतं? आधी क्लब सुटला. म्हणाले, रविवारी गर्दी असते. मग एक कवळी परत आली, मग दुसरी, दात दातावर बसत नाही म्हणून— यांच्या हातची कवळी साहेब! काय झालं विचारलं तर म्हणायचे, काही नाही. आणि खरंच काही नव्हतं झालेलं. कुणी गेलं नाही, पैसे कुठे बुडाले नाहीत, आम्ही भांडलो नाही. कारण असतं तर मी धरलं असतं ना मानगुटीला! मी जेवायला हाक मारायला यायचे तर हे इथे, या खुर्चीत, दिवा न लावता, कपाटाच्या दाराकडे बघत. म्हणायचे, दुनळी साफ करायची होती. आणि कपाट बंद. मी म्हणायचे, चला, गार होतंय. दुसरं काय म्हणणार? जनावराचं मला कळतं, कान कुठे वळलाय ते बघून सांगेन काय दुखतंय. यांचं कळत होतं, आणि कळून घ्यायची हिंमत होत नव्हती.

एक दिवस दुपारी दवाखान्यात एक मांजर होती टेबलावर, पंजा फाटलेला, तिची मालकीण डोळे मिटून उभी. हे आत आले. दवाखान्यात कधी येत नाहीत, रक्त सोसत नाही. आले, माझा हातमोजा घातलेला हात हातात घेतला, त्यात या कपाटाची किल्ली ठेवली, आणि म्हणाले, "ही तुझ्याकडे राहू दे. काही दिवस." बस, एवढंच. ती बाई डोळे मिटूनच उभी. मी म्हटलं, "बरं." आणि टाके घातले. दाराला कुलूप लावलं, बाहेर रांग होती तिला सांगितलं उद्या या, आणि इथे येऊन बसले, तुम्ही बसलात तिथेच. म्हटलं, "अहो, मला भीती वाटतेय." तर म्हणाले, "मलाही. म्हणून तर दिली." दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं, माणसांच्या. वाटेत मला म्हणाले, "तुझ्या पेशंटांसारखं मला टोपलीत घालून न्यायला नको का?" तेव्हा मला पहिल्यांदा जरा श्वास आला.

आता? आता बरे आहेत. म्हणजे बरे होतायत. गोळ्या आहेत, आणि त्या डॉक्टरबाईंशी जाऊन बोलणं आहे. गुणगुणतात, अजून तसेच बेसूर. पण किल्ली त्यांनी मागितली नाही आणि मी दिली नाही. हो, मला माहितीये ते लायसन माझं नाही. त्याच दिवशी तुम्हाला फोन करायला हवा होता. फोन उचललाही होता. पण तुमची माणसं गाडी घेऊन आली असती, शेजारीपाजारी दारात, आणि यांना वाटलं असतं, मी विश्वासाने हिच्या हातात दिली आणि हिने मला पकडून दिलं. पुढच्या वेळी दिली असती का त्यांनी? सांगा ना. तुमच्या नियमात ती माझ्याकडे असणं गुन्हा, आणि त्यांच्याकडे असणं मला परवडणारं नव्हतं. आता लिहायचं ते लिहा. माझं लायसन गेलं तर घोड्यांचं काय करायचं ते बघीन मी, शेजारच्या गावच्या डॉक्टरला बोलवीन.

काय म्हणालात? परत सांगा. क्लबच्या कोठारात? दुनळी ठेवायला? जप्ती नाही म्हणताय— ठेव. आणि लायसन तसंच राहतं? आणि ती किल्ली मी आत्ता, इथेच, तुमच्या हातात— घ्या. साखळी अडकलीय, थांबा, केस आलेत मध्ये. घ्या. हलकं वाटतंय हो, गंमत नाही, मान हलकी वाटतेय. पण दुनळी ठेवून घ्या हे कोणी सांगायचं तुम्हाला, मी? मालकाने. स्वतः मागायला हवं. हं. तिथेच तर अडलं. मी नाही त्यांना म्हणणार साहेब, आणि तुम्हीही नका म्हणू, पाया पडते— मी म्हटलं की ते हो म्हणतील, माझ्यासाठी म्हणतील, आणि मग ते त्यांचं राहणार नाही. डॉक्टरबाईसुद्धा म्हणाल्या होत्या, त्यांच्या वतीने बोलू नका. मला! मला म्हणे बोलू नका!

गाडी आली. तेच. दार कसं आपटतात बघा. मी काही बोलले नाही तुमच्याशी, कपाटं बघत होतो आपण. अहो, इकडे, कारखान्यात! साहेब येऊन केव्हाचे थांबलेत. बसली का कवळी? पाव खाल्ला? बरं झालं. हे बघा, साहेबांना नुसतं कपाट बघायचंय, बाकी काही नाही, आम्ही आपलं इकडचं तिकडचं, मेंढा काय, बूट काय, तुम्ही आधी हात धुऊन—

काय?

साहेबांकडे तुमचं काम आहे? तुमचं? दुनळीचं?

नाही, मी कुठे मध्ये बोलतेय. बोला ना तुम्ही. बोला.