शंभर फुटांची अट

...नाही हो, मी नव्हतो गेलो त्यांच्याकडे, तेच आले माझ्या सलूनमध्ये, तेच बसले माझ्या खुर्चीत, आणि आत कोण? मी! आज अकरावा दिवस तुमच्या या बराकीत, आणि जो तो विचारतो, काय केलंस रे बाबा? केस कापले हो, केस!

आता तुम्हाला सांगतो, पहिली चूक माझीच. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक, आम्ही त्यांना मिशीवाले म्हणतो, ऐन दाढी चालू असताना म्हणाले, "हात थरथरतो हल्ली तुझा." माझा हात! फेकून मारला पावडरचा डबा, कपाळाला तीन टाके! फिर्याद, अटक, मग जामीन. वकीलसाहेबांनी बोट नाचवून बजावलं, "फिर्यादीशी बोलायचं नाही, शंभर फुटांच्या आत जायचं नाही. मोडलं तर जामीन रद्द, खटला संपेपर्यंत आत. अट म्हणजे अट!"

पाळली हो! दुधाच्या दुकानात मिशीवाले दिसले की मी उलट्या पावली घरी. बायको म्हणायची, "अहो, दूध?" कसलं दूध, अट म्हणजे अट! तीन आठवडे कोरा चहा प्यायलो!

आणि एका सकाळी हे हजर, खुर्चीत ठाण मांडून! मी पळालो बाहेर, रस्त्यावर पावलं मोजतोय, ऐंशी, नव्वद... हे दारातून ओरडताहेत, "अरे, फिर्यादी मी, आणि मीच म्हणतोय ना, ये!" नाही म्हणजे नाही... तेवढ्यात त्यांनी मान वळवली. अरे देवा! दुसरीकडे जाऊन आले होते! एक कल्ला कानाच्या वर, दुसरा जबड्यापर्यंत, मागे तर उंदरांनी कुरतडल्यासारखं! तुम्हीच सांगा, बघवेल? माझे पायच निघाले, मला न विचारता! पण बोललो नाही हां, चकार शब्द नाही! मुकाट्यानं कापले, आणि हात? जराही हलला नाही! आरशात बघून तेच म्हणाले, "नाही रे थरथरत." डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच आलं.

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी सहज विचारलं, "आरोपीनं अटी पाळल्या ना?" मी हो म्हणणार, तोच मिशीवाले उठले, "एकदम सज्जन माणूस, बाईसाहेब! परवाच केस कापले माझे, बघा ना, मागूनही बघा!" आणि भर कोर्टात गिरकी! सरकारी वकील टुणकन उभे, माझ्या वकीलसाहेबांनी फायलीत तोंड खुपसलं. बाईंनी चष्मा सावरून नीट पाहिलं, म्हणाल्या, "काम सुबक आहे. जामीन रद्द."

काल भेटीला कोण? तेच! जाळीपलीकडून रडवेले, "नवा अर्ज करतोय तुझ्यासाठी. जामीनदार मीच राहतो, दर सोमवारी तुला हाताला धरून ठाण्यात सहीला नेतो." म्हटलं, आणि अट?

"अट तीच रे. माझ्यापासून शंभर फूट."

बसा हो, पुढचे कोण ते, मान खाली घाला. सावकाश कापतो, मी काही इतक्यात कुठे जात नाही.