गनीभाईंची चार पोती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गॅरेजवाल्यांच्या संघटनेचा गाडा ओढणारे आदरणीय पुंडलिकराव, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती अब्दुल गनी, म्हणजे आपले गनीभाई, पहिल्या रांगेतल्या जुबैदाभाभी, आणि दुकानाचं शटर पाडून इथे आलेले माझे मेकॅनिक, ड्रायव्हर बंधू आणि भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी देवसिंग राठोड. वणीतल्याच एका आयटीआयत अठरा वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतो. पुंडलिकरावांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मसालेभात गरम असल्याचंही कानात सांगितलं आहे. दोन्हींचा मान राखतो.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की नजर कमी झाली म्हणून गनीभाई दुकान बंद करून नागपूरला लेकीकडे, आरजूकडे निघाले. गावभर हेच बोललं जातं. खरं कारण दोघांनाच माहीत आहे. एक गनीभाई. दुसरा मी.

गनीभाई डायनामो बांधत होते तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. मग गाड्यांत कॉम्प्युटर आला. हाताएवढा डबा, तो बिघडला की गाडी बसली. कंपनी म्हणे, नवीन घ्या. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत नवीन डबा घेणारा कोण होता आपल्याकडे? शेतकरी जीपमध्ये बसेना, तर जीपवाला डबा कुठून घेणार? त्या काळात यवतमाळपासून उमरखेडपर्यंतच्या गाड्या चालत्या ठेवल्या त्या चौथी शिकलेल्या या माणसानं.

कशा? भंगारात निघालेल्या गाडीचा डबा ते आणायचे. आत डांबरासारखा काळा थर ओतलेला असतो, कोणी उघडू नये म्हणून. तो ते हेअर ड्रायरनं तापवून, बांबूच्या काडीनं तासन्‌तास खरवडायचे. मग एकेक भाग तपासून डब्याला उर्दूत लिहिलेली चिठ्ठी चिकटवायचे. मी एकदा विचारलं, "बिघाड लिहिता का?" तर म्हणाले, "काय मेलं ते तं सारेच सांगतेत, सर. जित्तं काय हाय ते लिवा लागते. त्याच्यावर दुसरी गाडी चालते."

आमच्या पुस्तकांत यावर आता धडे येऊ लागलेत. वस्तू अशी बनवा की ती उघडता यावी, तिचा चांगला भाग दुसऱ्या वस्तूत जावा, आणि अगदीच काही उरलं नाही तरच ती वितळवावी. गनीभाईंनी मला कंपनीला पत्र लिहायला लावलं होतं. मजकूर त्यांचाच: "डांबर कायले ओतता बाप्पा, चार स्क्रू लावा ना." उत्तर आलं नाही, तरी ते पोस्टमनला विचारत राहिले. हसू नका. मला आता त्याचं हसू येत नाही.

दीड वर्षापूर्वी मी त्यांना म्हटलं, तुमचं हे सगळं आमच्या वर्गात आणा, पोरांना शिकवा. हा माणूस इतका हरखला, की भाभींनी मला फोन करून विचारलं, "सर, मास्तर लोग कैसा शर्ट पहनते?" शनिवारी त्यांनी बावीस वर्षांत जमवलेले डबे चार पोत्यांत भरले, पोत्यांची तोंडं शिवली आणि आमच्या व्हरांड्यात पाठवून दिली. सोमवारी पहिला तास होता.

त्याच शनिवारी आमच्या संस्थेत ई-कचरा संकलन होतं. जिल्ह्यात ज्याचं वजन जास्त, त्याला प्रशस्तिपत्र. शिपायानं विचारलं, "सर, ही पोती बी कचऱ्याच्या गाडीत चढवू काय?" मी त्या वेळी पाहुण्यांबरोबर फोटो काढत होतो. वळूनही न बघता म्हणालो, "चढवा, वजन वाढते."

मित्रहो, मी चढवा म्हणालो.

सोमवारी गनीभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भिंग रुमालात गुंडाळून आले. मी त्यांना आधी कौतुकानं भिंतीवरचं प्रशस्तिपत्र दाखवलं. ते म्हणाले, "अच्छा झालं, सर. माही पोती कुठी ठेवली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कचरा नेणाऱ्या कंपनीला फोन केला. सगळा माल रविवारीच दळून झाला होता. जिवंत डबे दळून आम्ही थोडं तांबं मिळवलं आणि त्याला पर्यावरणरक्षण म्हटलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं. म्हणाले, "कोणाले सांगू नका. पोट्ट्यायचा तुमच्यावर भरोसा हाय." तास न घेता निघून गेले. पुढच्या महिन्यात आमच्या तांड्याच्या हरिसिंगची जीप बंद पडली. तिचा डबा कंपनीनं बनवणं केव्हाच सोडलं होतं. गनीभाईंकडे तसे दोन होते, पोत्यात. हरिसिंग त्यांना नाही नाही ते बोलला. "एवढ्या वर्साचा गिऱ्हाईक मी, अन्‌ मलेच डबा देत नाही?" गनीभाईंनी ऐकून घेतलं, माझं नाव घेतलं नाही. जीप भंगारात गेली. तिच्यातून शाळेत जाणाऱ्या तांड्याच्या सहा मुली आता घरी आहेत. हरिसिंग कोळशाच्या ट्रकवर दुसऱ्याचा ड्रायव्हर आहे. तो इथे मागे उभा आहे, आणि हे आत्ता पहिल्यांदा ऐकतो आहे.

गनीभाईंचे डोळे चांगले आहेत. आतासुद्धा ते माझ्याकडेच बघत आहेत. त्यांच्या हाताला काम करायचं मनच उरलं नाही, आणि ते मी घालवलं. ते सांगायला दीड वर्ष माझी जीभ रेटली नाही, कारण लोक मला सर म्हणतात आणि ते मला आवडतं.

अध्यक्ष महोदय, कार्यक्रमपत्रिकेत शाल माझ्या हस्ते आहे. ती आपण द्यावी. माझे हात त्या खांद्याला लावण्याच्या लायकीचे नाहीत. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात कुठे अधिक-उणं झालं असेल, तर ते या सभागृहानं पोटात घालावं, ही विनंती. बाकीच्या चुकीची माफी सभागृहाकडे मागता येत नाही. ती द्यायची की नाही, हे एकाच माणसाच्या हातात आहे, आणि त्या माणसाला मी आजवर विचारलंच नाही.

गनीभाई, सगळ्यांसमोर विचारतो. मला माफ करता का? नाही म्हणालात तरी चालेल.