वितळणबिंदूच्या तीन नोंदी

मी, खाली सही करणारी, वय २७ वर्षे, संशोधक विद्यार्थिनी, राहणार विद्यापीठ वसतिगृह, खोली ३१, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ते असे:

सेंद्रिय रसायनशास्त्राचे आमचे प्राध्यापक (यापुढे ‘सर’) मागच्या महिन्यात निवृत्त झाले. झाडाच्या सालीतले एक औषधी द्रव्य प्रयोगशाळेत बनवण्यावर त्यांनी सव्वीस वर्षे काम केले. द्रव्य तयार होई, पण दर वेळी चिकट तेलासारखे. स्फटिक धरत नसत, म्हणून ते शुद्ध आहे हे कोणी मानत नसे. निवृत्तीनंतर विभागप्रमुखांनी सरांच्या प्रयोगशाळेची किल्ली मला देऊन जुन्या बाटल्या नष्ट करण्यासाठी काढायला सांगितल्या.

शनिवारी सकाळी १०.४० वाजता चौदा क्रमांकाच्या बाटलीत मला पांढरे खडे दिसले. मी सरांना फोन केला.

“तुझी साखर सांडली असेल,” सर म्हणाले.

“मी बिनसाखरेचा चहा घेते, सर.”

त्यांनी बाटलीचा क्रमांक विचारला. मग म्हणाले, “हलवू नकोस. आलोच.”

११.०५ वाजता ते आले. गळ्यात मुदत संपलेले ओळखपत्र होते. कुलूप मी उघडले. वितळणबिंदू घेताना एकाने भिंगातून खडा पाहायचा आणि दुसऱ्याने तापमापक वाचायचा, ही सरांची पद्धत. सर भिंगावर होते, मी तापमापकावर. खडा वितळताच ते “गेला” म्हणत आणि मी आकडा सांगायची. तिन्ही वेळा १४३ अंश; आकडा हलला नाही, म्हणजे द्रव्य शुद्ध होते. तिसऱ्या वेळेनंतर सरांनी भिंगावरचा डोळा बराच वेळ काढला नाही. १.१५ वाजता बाटली रुमालात गुंडाळून मीच त्यांच्या हातात दिली.

सोमवारी विभागप्रमुखांनी बाटली चोरीस गेल्याची तक्रार केली. सरांनी मात्र माझ्या खणातून किल्ली न विचारता घेतली आणि सर्व एकट्याने केले, असा जबाब दिल्याचे मला आज कळले. विभागप्रमुख मला म्हणाले, “त्यांनी अंगावर घेतलंय ना? मग तू कशाला विस्तवात हात घालतेस? तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे, बाई.” प्रबंध त्यांच्या टेबलावर आहे, हे खरे आहे.

सरांच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर दुसऱ्या, म्हणजे तापमापक वाचणाऱ्याच्या, सहीची जागा त्यांनी कोरी ठेवली आहे. परंतु त्या पद्धतीने नोंद एकट्या माणसाला घेता येत नाही. तिन्ही आकडे मी वाचलेले आहेत.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. ‘सर प्रयोगशाळेत एकटे होते’ हे वाक्य सरांच्या जबाबावरून यात आले होते. ते मी खोडायला लावले व शेजारी सही केली. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.