रियाज टेलर नाही म्हणायला शिकला

...आणि वर मलाच म्हणतो, ‘तुमचं म्हणणं कळतंय, पण मला जमणार नाही.’ मला! शेजारी झेरॉक्सचं दुकान माझं, अकरा वर्षं एका किटलीतला चहा पितोय आम्ही, आणि एक पँट कमरेत सैल करायची तर जमणार नाही? तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या वेदिका मॅडमचं काम.

रियाज म्हणजे आमच्या देवळाली कॅम्पातला टेलर. हात असा, की फौजी लोक बदली होऊन लांब गेले तरी कापड पाठवतात. पण तोंडातून ‘नाही’ निघायचं नाही. ब्लाउज आणा, सोफ्याची खोळ आणा, ‘हो, उद्या देतो.’ हा उद्या कुठल्या महिन्यात येतो ते विचारू नका. गिऱ्हाइकं दारात भांडणार, ह्याचं बीपी वर. आणि घरात? बायको आबिदा, तिच्या सूटचं कापड तीन वर्षं कपाटात. आता नामपूरला तिच्या भावाचं लग्न निघालं. ती म्हणाली, ‘इस बार नहीं सिला, तो पुराना पहन के जाऊँगी. सबको बताऊँगी, मेरा मियाँ टेलर है.’ घाबरला बिचारा.

डॉक्टरनं धाडला वेदिका मॅडमकडं. त्या समुपदेशक, दर बुधवारी आठ-दहा जणांना गोलात बसवून नाही म्हणायला शिकवतात. शिकवतात हो, खरंच! पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘महेश, तुम्ही रियाजभाईंची गाडी मागा. रियाजभाई, तुम्ही नकार द्यायचा.’ महेशनं मागितली. ह्यानं चावी काढून दिली, वर सांगितलं, चोक ओढ, थंड असते. मॅडम घोटभर पाणी प्यायल्या आणि एकच वाक्य घोटून घेतलं... ‘तुमचं म्हणणं कळतंय, पण मला जमणार नाही.’ समोरचा काहीही बोलू दे, हेच, ह्याच आवाजात.

दीड महिन्यात गडी तयार. सुभेदारसाहेबांचा कोट? जमणार नाही. माझी पँट? ते झालंच सांगून. आणि एक दिवस दुकानात कोण यावं? खुद्द मॅडम. भाचीचं लग्न, शनिवारी ब्लाउज हवा.

‘रियाजभाई, एवढा एकच.’

‘तुमचं म्हणणं कळतंय, पण मला जमणार नाही.’

‘अहो, साधं अस्तर तर लावायचंय.’

‘तुमचं म्हणणं कळतंय...’

‘मी कोण आहे ते तरी बघा!’

‘...पण मला जमणार नाही.’

बाईंना कळेना, पेढे वाटावेत की ह्याचा कान पिळावा. ‘शाबास,’ म्हणाल्या, आणि पिशवी उचलून समोरच्या राकेश टेलरकडं गेल्या.

रियाज खुशीत. आता वेळच वेळ. शटर ओढलं, आबिदाचं कापड काढायला घरी गेला, तर कपाट रिकामं. ती म्हणाली, ‘राकेशभाई को दे दिया. तीन साल राह देखी.’ टेलरची बायको समोरच्या टेलरकडं! तुम्हीच सांगा, तोंड दाखवायला जागा राहिली का? जेवला नाही हो तो. मलाच वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी राकेश आला, घाम पुसत. ‘रियाजभाऊ, तू ज्यांना नाही म्हणतोस ते सगळे माझ्याकडं लोटलेत, आणि मी सगळ्यांना हो म्हणून बसलोय. एवढी एक पिशवी करून दे ना. आणि भाभींना सांगू नको.’ पिशवीत काय? वर मॅडमचा ब्लाउज, खाली आबिदाचं कापड. मी म्हटलं, आता हा ते वाक्य म्हणणार. सुरुवातही केली, ‘तुमचं म्हणणं कळतंय...’ मग त्या कापडावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘हो, उद्या देतो.’ आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा त्यानं उद्या म्हणजे उद्या दिलं.

रविवारी नामपूरला मीही होतो पंगतीला. आबिदा दहा बायकांत गिरकी घेऊन म्हणाली, ‘देखो, फिटिंग इसको कहते. जरा सीखो राकेशभाई से.’ रियाजनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तिच्या सूटकडं. ‘हो,’ म्हणाला.

मी? मी सोमवारी पँट राकेशकडं टाकली. काय करणार, मला रियाजचाच हात लागतो.