गाळणीत अडकलेलं आवतण

...नाही, पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? सगळी पोरं वर कुरणात गेलीत, माझा घोडा वर, तिकडे गवत गुडघ्यापर्यंत आलंय, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमीसचे बुधले भरलेत, शर्यती चालल्यात... आणि मी खाली नारीन गावात, नमद्याच्या ऑफिसात, लोकरीच्या गठ्ठ्यांमध्ये एका खोक्यासमोर बसलोय. का? तर एक बटन दाबायचं होतं. एवढंच काम.

तुम्हाला सांगतो, हे ऑफिस बुरुल एजेचं, म्हणजे माझ्या मावशीचं, तिच्या घराच्याच पुढच्या खोलीत. आमच्याकडे वयाने मोठी प्रत्येक बाई एजे, तसं म्हटलं नाही तर कान उपटून हातात मिळतो. तर या सगळ्या एजे मिळून नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे गालिचे करतात, परदेशातली माणसं ते घेतात, आणि त्यांच्या ऑर्डरी येतात मेलवर. मेलचा सर्व्हर म्हणजे शेगडीशेजारचं एक जुनं खोकं, त्याच्यावर नक्षीचा नमदा, नमद्यावर चहाची किटली. खोक्यात एक गाळणी, कचरा मेल अडवणारी. जगभरच्या हुशार आणि रिकाम्या लोकांनी मिळून लिहिलेली, आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं, कुणीही फुकट न्यावी. पण आमची फार जुनी झाली होती राव. केस उगवायचं तेल, लॉटरी, बारीक होण्याचा चहा, सगळं आत यायचं, आणि त्या ढिगाऱ्यात एका गोऱ्याची गालिच्यांची मोठी ऑर्डर बुडाली.

मग एजे मला म्हणाली, "एल्दियार, ती गाळणी नवी बसव. एक बटन दाब आणि शनिवारच्या ट्रकने वर जा."

आता मलाच का? तर मी एकदा तिच्या फोनची घंटी बदलून मेंढीचं ओरडणं लावलं होतं, आणि ते नेमकं मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये ओरडलं. एजेचा हिशेब असा, की याला बिघडवता येतं म्हणजे दुरुस्तही करता येत असणार. शाळेला हे कधी सुचलं नाही. शाळेने नववीतच मला सोडलं... मी नव्हती सोडली, लोक उगाच बोलतात.

दाबलं बटन. तर ते खोकं विचारतंय, जुन्या सेटिंगमध्ये कुणीतरी हात घातलाय, जुनी ठेवू का नवी आणू? मी म्हटलं आण नवी. तर म्हणतंय, आधीचं शिकलेलं मला वाचता येत नाही, मला पहिल्यापासून शिकवा. म्हणजे नवी सून घरात यावी आणि उंबऱ्यातच तिने म्हणावं, आधीच्यांनी काय केलं मला माहीत नाही, पाहुणा कोण आणि चोर कोण ते दाखवा! मी शिकवू? मलाच कुणाला शिकवता आलं नाही. मी सरळ सगळ्या बायकांना सांगितलं, नको असेल ते पत्र उचलून 'कचरा'मध्ये टाकायचं, गाळणी बघून बघून शिकेल. झालं. एक बटन, एवढंच काम.

तर तोक्तोकान एजे आली, आमची हिशेबनीस. हळूच दार लोटलं.

"बाळा, कचऱ्यात टाकलेलं पाठवणाऱ्याला कळतं का रे?"

"नाही एजे."

"बुरुलला?"

"नाही."

"आणि पुन्हा तसलंच पत्र आलं तर?"

"आपोआप कचऱ्यात. तुम्हाला दिसणारच नाही."

"म्हणजे मी म्हटलं की काही आलंच नाही... तर ते खोटं नाही झालं?"

"नाही एजे."

तिने मला रासबेरीच्या मुरंब्याची अख्खी बरणी दिली. अख्खी! या बाईने मला आजवर तळलेल्या पिठाचं साधं बोरसोक दिलं नव्हतं.

आता आमच्या गावाचं तुम्हाला काय सांगू. उन्हाळा आला की रोज मेजवानी. कुणाचं लग्न, कुणाची साठी, कुणी घर बांधलं, कुणी जुनी गाडी घेतली, कुणाचा मुलगा परत आला, कुणाचा एकदाचा गेला... आणि प्रत्येक ठिकाणी पाकीट घेऊन जायचं. नाही गेलं की तीन पिढ्यांचा रुसवा. मग या बायकांनी काय करावं? आलं आवतण की टाक कचऱ्यात. एकीने नाही, सगळ्यांनी, एकमेकींपासून चोरून. आणि ते केसांचं तेल, तो बारीक होण्याचा चहा? ते कुणी टाकलंच नाही, कारण ते सगळं असानाली आजोबा पुढे पाठवतात, बुरुल एजेचे सासरे, आणि थोरल्या माणसाचं पत्र कचऱ्यात कसं टाकायचं? मग गाळणी काय शिकणार? तेल म्हणजे चांगलं. लग्न म्हणजे कचरा. 'मोठ्या आनंदाने', 'सहकुटुंब', 'वाट पाहतोय' असले शब्द दिसले की धरलीच गचांडी.

मला यातलं काही माहीत नव्हतं हं. मी काय लोकांच्या मेलच्या पेट्या उघडून बघतो? एकदाच बघितलं होतं.

आणि नेमका एजेचा नातू उभा राहायला लागला. नुरेल. पोरगं उभं राहिलं की आमच्याकडे त्याच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात, लांबून पोरं पळत येतात, जो पहिला पोचेल त्याने दोरा कापायचा, मग ते चालायला लागतं. एजे म्हणाली, "आता घरोघर फोन कशाला? आपल्याकडे नवी गाळणी आहे, सगळ्यांना मेलच टाकते." आणि लिहिलं. मोठ्या आनंदाने, सहकुटुंब, वाट पाहतोय. मला म्हणाली, "शनिवारी सकाळी दोरा कापला की जेव आणि बस ट्रकात."

शनिवार उजाडला. कढईत मेंढा, ताटात बोरसोकचा डोंगर, अंगणात लांबलचक पांढरा नमदा, त्याच्या टोकाला पाय बांधलेलं पोरगं... आणि दुसऱ्या टोकाला कुणी नाही. कुण्णी नाही. ट्रक फाटकाशी उभा, ड्रायव्हर हॉर्न देतोय.

एजेने तोक्तोकानला फोन लावला. "अगं, आवतण मिळालं नाही का?"

"कसलं आवतण गं? भाकरीवर हात ठेवून सांगते, काही आलं नाही. आधी कळवायचंस, आता मी गावाबाहेर आहे."

दुसरीला लावला, तीही भाकरीवर. तिसरीही भाकरीवर. आणि गंमत म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या खरं बोलत होत्या!

एजे पायरीवर बसली, हातात पळी. म्हणाली, "मी काय कुणाचं वाईट केलं रे?" डोळे पुसले आणि म्हणाली धूर आहे. धूर दुसऱ्या बाजूला चालला होता.

मी आत जाऊन खोकं उघडलं. सगळी आवतणं कचऱ्यात, ओळीने. आता मी काय करू, सांगा ना? खरं सांगितलं तर तिला कळणार की तिच्या मैत्रिणींना कुणाच्याच मेजवानीला जायचं नसतं, आणि मग त्या सगळ्या एजे मिळून मला लोकरीसारखं पिंजणार. खोकं बिघडलं म्हणावं, तर दुरुस्त होईपर्यंत बस इथेच. इकडून दार बंद, तिकडून दार बंद, आणि फाटकाशी हॉर्न.

मी बाहेर आलो. "एजे, माझ्याकडून चुकीचं बटन दाबलं गेलं. कुणाला काही गेलंच नाही."

"खरंच?"

"भाकरीवर," म्हटलं. भाकरीला हात नाही लावला, लांबूनच म्हटलं.

तिचा चेहरा असा खुलला... आणि मग तिने पळी फेकून मारली.

पण पोरगं रडायला लागलं हो. बांधलेला दोरा हाताने सोडायचा नसतो, पळत येऊनच कापायचा. गल्लीतली पोरं? सगळी वर. मग मीच पळालो. एकटा. मध्ये एकदा मागे वळून बघितलं, दुसरा कोण येतोय. सुरी घेतली, कापला दोरा, पहिला आलो!

कुणी टाळी वाजवेना. असानाली आजोबा दाढी खाजवत म्हणाले, "सूनबाई... दोरा कापणाऱ्याचे गुण पोरात उतरतात, बरं का."

घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी डोकं, मग बूट, मग पुन्हा डोकं. एजे उठली, फाटकापाशी गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "जा तू. याला नाही पाठवायचं. नातू मोठा व्हायच्या आत याचे गुण सुधारायचेत."

झालं! तेव्हापासून मी इथे. पांढरा सदरा, विंचरलेले केस, मांडीवर नववीचं पुस्तक, समोर खोकं. माझ्या घोड्यावर मामाचा तेमिर बसतोय, त्याला लगाम कुठला आणि शेपूट कुठली तेही कळत नाही. आणि त्या एजे? पेट्या साफ करायला सांगितल्या तर म्हणतात, "आम्हाला बाई त्यातलं काही कळत नाही." मुरंबा मात्र येतो. आठवड्याला बरणी.

काल गाळणी पहिल्यापासून बसवायला घेतली. अर्ध्यावर आली होती, आणि अर्ध्यावर नमद्याखालचं बटन दाबून खोकं बंद करायचं नसतं, केलं तर सगळंच जातं. तेवढ्यात एजे नुरेलला घेऊन आली, खाली उभं केलं. आणि ते चाललं! पहिल्यांदाच चाललं राव. सगळ्या एजे हात पसरून बसल्या, ये रे, माझ्याकडे ये. कुणी साखर दाखवतंय, कुणी किल्ल्या वाजवतंय. पोरगं कुणाकडे बघेना. लोकरीच्या गठ्ठ्यांमधून डुलत डुलत सरळ माझ्याकडे आलं, खोक्यावरच्या नमद्याचं टोक उचललं, माझ्या तोंडाकडे बघून हसलं...

आणि बटन दाबलं. एवढंच काम.

खोकं गप्प. एजेने पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि खाली पडलेलं पुस्तक उचलून परत माझ्या मांडीवर ठेवलं. आता या पुस्तकातून सुटका नाही. पोरगं अजून बोलायलाही लागलेलं नाही हो.